हातमोज्यातल्या दोन चिठ्ठ्या

‘मेहेटाबेल प्रायर, जेरेड प्रायरची विधवा,’ असं मतदानाच्या टेबलामागून फर्मनसाहेबांनी खणखणीत आवाजात म्हटलं आणि मी दचकून मागे वळून पाहिलं. जणू ती कुणी दुसरीच बाई होती आणि तिला मी वाट करून द्यायला हवी होती. मागे फक्त ॲसा होता, माझा थोरला. तो हळूच म्हणाला, ‘अगं आई, तुलाच बोलावतायत. पुढे हो.’ मी पुढे झाले. मला ‘आई’ म्हणतात, ‘प्रायरबाई’ म्हणतात, गल्लीतली पोरं पाठीमागून ‘चरबीवाली’ म्हणतात. मेहेटाबेल म्हणणारा एकच होता आणि तो सहा वर्षांपूर्वी गेला. कोर्टाच्या त्या दालनात ओल्या लोकरीचा आणि तंबाखूचा कोंदट वास भरून राहिला होता. माझ्या अंगाचा वास त्यात मिसळला आणि पुढची दोन माणसं जरा सरकली. मेणबत्त्या आमच्याच जाळायच्या आणि नाक आमच्यासमोर मुरडायचं, ही ट्रेंटनची जुनी रीत आहे, तिचं मला आता काही वाटत नाही. टेबलावर पेटी होती, पेटीच्या झाकणात फट होती. माझ्या उजव्या हातमोज्यात एक चिठ्ठी होती आणि डाव्या हातमोज्यात दुसरी. दोन्हींची टोकं तळहातांना टोचत होती. मी पेटीकडे हात नेणार एवढ्यात उजव्या बाजूने आवाज आला, ‘माझी हरकत आहे.’

आवाज ओबडाया ल्यूकन्सचा होता. लोखंडी सामानाचा व्यापारी, अध्यक्ष ॲडम्सच्या पक्षाचा, देवळात आमच्या पुढच्या बाकावर बसतो, त्याच्या मानेवरची चामखीळ मी इतकी वर्षं प्रवचनापेक्षा जास्त लक्ष देऊन पाहिली आहे. मतदाराचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि कुणाची हरकत असेल तर त्याने तिथल्या तिथे बोलायचं, असा नियमच आहे. पण बाईमाणसावर हरकत घेतलेली मी पाहिली नव्हती. माझ्या पुढच्या दोन्ही विधवांनी चिठ्ठ्या टाकल्या होत्या, लोकांनी त्यांना टोप्या काढून वाटही दिली होती. अर्थात त्या दोघी ल्यूकन्सच्याच बग्गीतून आल्या होत्या.

‘काय हरकत आहे, ल्यूकन्स?’ फर्मनसाहेबांनी विचारलं. त्यांना जेवणाची घाई झाली होती, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

‘बाईंच्या नावावर आहे काय? दुकान मुलगा चालवतो, चरबी मुलगा आणतो, माल मुलगा विकतो. पन्नास पौंडांची मालमत्ता नसेल तर मत नाही, हे मी का सांगायला हवं? आणि चिठ्ठी कुणी लिहून दिलीय तेही सगळ्या गावाला ठाऊक आहे. हे मत त्या ॲसाचं आहे, साहेब. झगा घालून आलंय, एवढंच.’

सगळे हसले. मीही हसले असते, कुणा दुसऱ्या बाईविषयी कुणी बोललं असतं तर. हसण्याच्या त्या गलक्यात मला माझ्या पाठीमागे ॲसाचा श्वास ऐकू आला. तो राग आला की नाकाने श्वास घेतो, लहानपणापासून. माझ्या मनात आलं, आता हा काहीतरी बोलणार, आणि त्याने बोलू नये असं वाटलं. कारण ॲसा एकदा बोलला होता.

ते बोलणंही हसण्यासारखंच होतं. खानावळीत बसला होता, दोन घोट पोटात गेले होते. कुणीतरी अध्यक्षांच्या नावाने पेला उचलला तर हा म्हणाला, ‘ॲडम्ससाहेबांच्या ढेरीत एवढी चरबी आहे की आमच्या दुकानाला वर्षभर पुरेल.’ बस्स, एवढंच. मेणबत्तीवाल्याच्या पोराला दुसरं काय सुचणार? जेरेड असता तर मांडी थोपटून हसला असता. जेरेडला त्या माणसाचं कौतुक होतं आणि त्याची थट्टा करायलाही तो चुकत नसे. साच्यात चरबी ओतता ओतता तो वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. जोडे शिवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा, म्हणायचा, आणि बघ, इंग्रज शिपायांनी बॉस्टनमध्ये माणसं मारली तेव्हा सगळं गाव रक्त मागत असताना हाच एक वकील त्या शिपायांच्या बाजूने उभा राहिला. कशासाठी? तर कुणीतरी उभं राहायला हवं म्हणून! मग पुढच्याच पानावर तो अध्यक्षाला लांबलचक पदव्या लावा म्हणून सभेत भांडल्याचं यायचं आणि जेरेड पळी हातात धरून वाकून मुजरा करायचा, ‘या, गोलमहाराज, या!’ पण जेरेड गेला त्यानंतर नवा कायदा आला. अध्यक्षाविरुद्ध कुणी वेडंवाकडं बोलेल त्याला तुरुंग. सही त्याच माणसाची. त्या दिवशी खानावळीत शेजारच्या टेबलावर ओबडाया ल्यूकन्स सूप पीत बसला होता. कुणी जाऊन सांगितलं हे कुणी मला सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलंही नाही. तो हिवाळा ॲसाने गावाबाहेरच्या तुरुंगात काढला. भिंतीला आतून बर्फ धरायचं. मी मक्याची लापशी शालीत गुंडाळून न्यायची, ती पोचेपर्यंत गार व्हायची. एकदा त्याने मोजा काढून दाखवला. उजव्या पायाची बोटं आमच्या जुन्या वातींच्या टोकांसारखी काळी पडली होती. डॉक्टरांनी ती काढली. आता तो चालतो तेव्हा एक पाऊल वाजतं आणि दुसरं घासतं, आणि घरात कुठेही असले तरी मला तो कुठे आहे ते कळतं.

‘ॲसा प्रायर,’ फर्मनसाहेब म्हणाले, ‘पुढे ये. दुकान कुणाचं आहे?’

पाऊल वाजलं, दुसरं घासलं. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याच्याकडे बघायचं माझं धैर्य झालं नाही, मी त्याच्या कोटाच्या बाहीकडे बघत राहिले. बाहीवर चरबीचा वाळलेला थेंब होता. सकाळी निघताना तो खरवडून काढायचा माझ्या मनात आलं होतं आणि राहून गेलं होतं. आमच्या राज्यात नवरा नसलेल्या बाईला मत असतं, तिच्या नावावर पुरेसं काही असलं तर. नवरा असेपर्यंत नाही. जेरेड होता तोवर माझ्या डोक्यावरची टोपीसुद्धा कायद्याने त्याची होती. जाताना त्याने दुकान, साचे, कढया, मागचं परस, सगळं माझ्या नावावर केलं, माझ्या हयातीपर्यंत. तेव्हापासून आमच्या घरात मत मला आहे आणि एकवीस उलटलेल्या ॲसाला नाही. याचं त्याला किती लागतं ते मला माहीत आहे. गेल्या महिन्यात कढईशी उभा असताना म्हणाला, ‘आई, बोटं माझी गेली. मत तुला आहे. मग माझं मत तूच टाकायला नको का?’ मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? त्याने साखरेच्या ढेपेला गुंडाळलेला निळा कागद कापून त्यावर आपल्या लोकांची नावं सुंदर अक्षरात लिहिली आणि मला दिली. आम्ही इथे राज्याच्या सभेचे सभासद निवडायचे आणि सभासदांनी वर अध्यक्ष कुणाला करायचं ते ठरवायचं, अशी ती भानगड. यंदा जेफरसनवाल्या सगळ्यांनी निळाच कागद ठरवला होता; त्यावरचे सभासद ॲडम्सविरुद्ध उभ्या जेफरसनला कौल देणार होते. ती चिठ्ठी माझ्या डाव्या हातमोज्यात होती.

‘उत्तर दे की,’ ल्यूकन्स म्हणाला. ‘तोंड तर तुझं चांगलं चालतं.’

‘चालतं,’ ॲसा म्हणाला. ‘तुमचे कान चालतात तेवढं नाही चालत.’

पुन्हा हशा झाला, या वेळी ल्यूकन्सची चामखीळ लाल झाली. फर्मनसाहेबांनी टेबलावर हात आपटला आणि बायबल पुढे सरकवलं. ‘थट्टा बाहेर. इथे हात ठेव आणि शपथेवर सांग.’

ॲसाने हात ठेवला. मी त्याला बोलताना ऐकलं, आणि ते मी कधी विसरणार नाही. ‘दुकान आईचं आहे. घर आईचं आहे. कढया, साचे, गाडी, सगळं तिचं आहे. मी तिच्याकडे काम करतो. माझ्या नावावर काही नाही.’ त्याच्या आवाजात कसलाच चढउतार नव्हता. सगळं गाव जमलं होतं. त्याच्याबरोबर शाळेत गेलेले लोक होते, आज स्वतःच्या शेतांवरून आलेले, चिखलाचे बूट घातलेले, सगळे मत टाकायला. ज्या मुलीशी तो लग्न करायचं म्हणतो तिचा बापही कोपऱ्यात उभा होता. त्या सगळ्यांसमोर तो म्हणाला की माझ्या नावावर काही नाही. म्हणाला, कारण त्याला वाटत होतं की माझ्या हातात निळी चिठ्ठी आहे. आत्ता, या क्षणी, निळी टाकून मोकळं व्हावं असं वाटलं. डाव्या हाताची बोटं आपोआप वळली.

पण मग पांढरी? पांढरी, ॲडम्सच्या सभासदांची, मी परवा स्वयंपाकघरात बसून लिहिली होती. नावं खानावळीच्या भिंतीवरून पाठ करून आणली. ती कशाला लिहिली, लिहायची होती तर मग निळीही बरोबर कशाला घेतली, हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. टेबलाशी येईपर्यंत कळेल असं वाटलं होतं. मला दुसराही मुलगा आहे, एनॉक. आत्ता या वेळी तो घरी वाती पिळत बसला असेल आणि त्याला शीळ घालता येत नाही तरी घालत असेल. दोन वर्षांपूर्वी फ्रेंचांशी लढाई होणार म्हणून नवं सैन्य उभं राहिलं. अध्यक्षांच्या पक्षातली बडी माणसं तर लढाईसाठी उतावीळ झाली होती. एनॉकने निळा कोट आणि चकचकीत बटणं पाहिली आणि मला न सांगता नाव दिलं. मी लढाई पाहिलेली बाई आहे. पोरगी होते तेव्हा आमच्याच या रस्त्यावर, नाताळ होऊन दुसऱ्या सकाळी, बर्फावर इंग्रजांचे भाडोत्री जर्मन शिपाई मरून पडले होते. त्यातल्या एकाचं तोंड उघडं होतं आणि त्यात बर्फ साचत होतं. माझ्या बापाने मला घरात ओढून दार लावलं, पण मी पाहायचं ते पाहून घेतलं होतं. एनॉक छावणीवर गेला त्यानंतर रोज पीठ मळताना मला ते तोंड दिसायचं, आणि त्याला एनॉकचे डोळे असायचे.

आणि गेल्या वर्षी शरद ऋतूत राजधानीत, फिलाडेल्फियात, पिवळा ताप आला म्हणून सगळं सरकार उठून आमच्या गावात आलं. अध्यक्षही आला. मी त्याला पाहिलं नाही. बंद बग्गी गेली, चाकांचा चिखल माझ्या परकरावर उडाला, एवढीच आमची भेट. पण तो उतरला होता त्या घरातली मोलकरीण, डॉर्कस, आमच्याकडे मेणबत्त्या न्यायला यायची, आणि डॉर्कसच्या पोटात काही राहत नाही. ‘म्हाताऱ्याला सर्दी झालीय,’ ती सांगायची, ‘असा खोकतो की कपबश्या वाजतात. बायको लांब गावी, करणारं कुणी नाही. आणि ते सगळे मोठे लोक येतात बघा, त्याच्याच पक्षाचे! आत जातात, ओरडतात, लाल तोंडं घेऊन बाहेर पडतात. म्हातारा काय म्हणतो काही ऐकू येत नाही. नुसता खोकतो.’ मग एक दिवस गावभर झालं की त्याने तहासाठी माणसं फ्रान्सला रवाना केली. कुणाला न जुमानता. त्याच्याच पक्षाचे लोक चौकात उभे राहून त्याला वेडा म्हणाले. ल्यूकन्सही म्हणाला, मी माझ्या कानांनी ऐकलंय. आता पुढची निवडणूक गेली याची, असं सगळे म्हणाले, आणि त्याला हे कळत नसेल एवढा काही तो मूर्ख नव्हता. लढाई टळली आणि यंदा उन्हाळ्यात सैन्यच मोडीत काढलं. एनॉक एका दुपारी परसदारातून आत आला, कोटाची बटणं विकलेली, आणि म्हणाला, ‘आई, खायला काय आहे?’ मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तोंड मिटलेलं होतं, मग हसलं, मग त्याने भाकरी मागितली.

म्हणजे एका सहीने ॲसाची बोटं गेली आणि दुसऱ्या सहीने एनॉक घरी आला, आणि हात एकाच माणसाचा. हे मी कुणाला सांगणार? ॲसाला? त्याच्यासमोर एनॉक पळत जिना चढतो तेव्हासुद्धा मला अपराध्यासारखं होतं.

‘शपथ घेतली आहे,’ फर्मनसाहेब म्हणाले. ‘मालमत्ता बाईंची आहे. मत बाईंचं आहे. ल्यूकन्स, तुमची हरकत फेटाळली. चला प्रायरबाई, टाका.’

मत बाईंचं आहे. मी ते शब्द मनात पुन्हा म्हणून पाहिले. ल्यूकन्स म्हणाला होता, हे मत ॲसाचं आहे. मी निळी टाकली तर तो खरा ठरत होता. आणि माझ्या मुलाने देवाच्या पुस्तकावर हात ठेवून सांगितलं होतं की नाही, हे आईचं आहे. सगळं आईचं आहे. त्याने स्वतःची लाज वेशीवर टांगून माझ्या हातात काहीतरी दिलं होतं, आणि ते दिलेलं मी परत त्यालाच देऊन टाकावं असं त्याला वाटत होतं. मला भीती वाटत होती, अगदी कढईत हात घालायला सांगितल्यासारखी. कुणीतरी मागून खाकरलं. मी उजवा हातमोजा काढला. घामाने ओलावलेली चिठ्ठी तळहाताला चिकटली होती, ती सोलून काढावी लागली. मी तिची घडी न उघडता ती फटीत सोडली. पांढरी होती. सगळ्यांना दिसली.

ल्यूकन्सचं तोंड उघडंच राहिलं. आपल्याच पक्षाचं मत आपण अडवायला निघालो होतो हे त्याच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला, मग त्याने घाईघाईने टोपी काढली आणि मला वाट दिली. त्याची ती टोपी मला शिवीपेक्षा जास्त लागली. मी ॲसाकडे पाहिलं नाही. पाऊल वाजलं, पाऊल घासलं, आणि तो माझ्या पुढून दाराबाहेर गेला.

पुलापर्यंत तो माझ्या पुढे चालत होता. तो भराभर चालायचा प्रयत्न करत होता आणि पाय त्याला भराभर चालू देत नव्हता, त्यामुळे मी मागे राहायचं ठरवलं तरी त्याच्याजवळ पोचत होते. मला मुद्दाम थांबावं लागत होतं. पुलावर तो वळला. खाली ओढ्याला पाणी चढलं होतं.

‘मी सगळ्यांसमोर सांगितलं, आई. माझ्या नावावर काही नाही म्हणून. तिचा बाप उभा होता तिथे.’

‘ऐकलं मी.’

‘मग?’

मी म्हणाले, ‘एनॉक घरी आहे, ॲसा.’

एवढंच मला सांगता आलं. त्याला सगळं कळलं होतं, ते मला दिसलं. डोकं त्याचं बापासारखं आहे.

‘आणि मी?’ तो म्हणाला.

त्याचं उत्तर मी त्या दिवशी दिलं नाही. नंतरही दिलं नाही. डाव्या हातमोज्यातली निळी चिठ्ठी मी घरी आल्यावर चुलीत टाकली आणि रात्रीच्या जेवणाला तिघांना वाढलं. हिवाळाभर ॲसा माझ्याशी कामाचं बोलला. चरबी आली का, वाती संपल्या, अमक्याकडे माल पोचवायचा आहे. एनॉक मध्ये बसून दोघांना हसवायचा प्रयत्न करी आणि स्वतःच थकून जाई. आमच्या राज्यात म्हातारा जिंकला, पण बाकीच्या देशात हरला. मार्चमध्ये जेफरसन गादीवर बसल्याची बातमी आली आणि त्याच्या लोकांनी ठरवलं की संध्याकाळी गावातल्या आपल्या प्रत्येक घराने खिडक्यांत मेणबत्त्या लावायच्या. आम्ही आठवडाभर कढईपासून हललो नाही. एवढा धंदा जेरेडच्या वेळीही झाला नव्हता. डॉर्कस सांगत आली की म्हातारा नव्या अध्यक्षाला भेटायलाही थांबला नाही, उजाडायच्या आत बग्गीत बसून घरी निघून गेला. ती हसत होती. मी तिला मेणबत्त्या बांधून दिल्या.

दिवस मावळायला लागला तेव्हा मी माझ्या खोलीत खिडकीशी बाकावर बसले होते. रस्त्यावर एकेक खिडकी उजळत होती आणि आमच्या घरात ॲसा मेणबत्त्या ठेवत हिंडत होता. दुकानात ठेवली. स्वयंपाकघरात ठेवली. एनॉकच्या खोलीत ठेवली, तिथे दोघांचं काहीतरी बोलणं झालं, एनॉक हसला. मग पाऊल वाजत आणि घासत माझ्या दाराशी आलं. आता हा आत येईल, खिडकीत मेणबत्ती ठेवेल आणि जाईल, आणि मी काही बोलणार नाही, असं मी ठरवलं. त्याचा हक्कच होता तो. दार उघडलं. पेटलेली मेणबत्ती हातात घेऊन तो उंबऱ्यात उभा राहिला. आत आला नाही.

‘ठेवू का?’ त्याने विचारलं.

चरबी वितळून त्याच्या बोटावर आली, ते त्याला पोळलं असणार, पण तो हलला नाही.

‘नको,’ मी म्हणाले.

‘बरं.’

त्याने फुंकर घातली. धुराचा वास आला, आमच्या घराचा रोजचा वास. मग तो आत आला आणि माझ्या शेजारी बाकावर बसला, दुखरा पाय लांब करून. मी त्याचा पाय उचलून माझ्या मांडीवर घेतला आणि बुटाचे बंद सोडू लागले. त्याने घेऊ दिला. समोरून लोक गाणी म्हणत चालले होते आणि वर आमच्या घराकडे बघत होते. सगळ्या खिडक्या उजळलेल्या आणि एक काळी. त्यांना वाटलं असेल, त्या खोलीत कुणी राहत नाही.